दोरीवरच्या चार चादरी

आदरणीय वहिनी आणि भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरी काही काळ सांभाळायला (फॉस्टर केअरमध्ये) दिलेल्या मुलीचं नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मुळे लिहिताही येत नाही. म्हणून तुमचं आणि गावाचंही लिहीत नाही. बाल कल्याण समितीचा आदेश, पडताळणी, घरभेटी हे सगळं रीतसर झालं, ते असू दे. आभार मानायचे आहेत ते चादरींबद्दल.

घरापासून दूर ठेवलेलं सात-आठ वर्षांचं मूल कधी कधी पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. त्यात हट्ट नसतो, आळसही नसतो. तुमच्याआधी ती जिथे होती तिथे मात्र ओली चादर सगळ्यांना दिसेल अशी अंगणात टाकत आणि दुपारनंतर पाणी बंद. मोठी शिकलेली माणसं होती! पाणी तोडलं की शौचाला खडा होतो, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि रात्र आणखी ओली जाते. तुम्ही दिवसभर तिला पाणी प्यायला लावलंत, सकाळी पेज दिलीत, आधी लघवी तपासून आणलीत.

आणि अंथरूण! गादीवर रबरी कापड, वर चादर. त्यावर पुन्हा रबरी कापड, पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं तयार. उशाशी सुका फ्रॉक. दिवा नको, कपाटाची करकर नको. चादर जाड सुती, कारण पातळ असली तर रबराच्या घामाने पाठीवर पुरळ येतं.

आषाढात आपल्याकडे रुमालसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही. तरी तुम्ही रोज घरातल्या चौघांच्याही चादरी धुवत होता. घरभेटीला आलेल्या आमच्या ताईने विचारलं तर म्हणालात, "एकटी तिचीच दोरीवर दिसली तर शेजारीण विचारतली मगे." एवढंच. कुठल्याही प्रशिक्षणात आम्ही हे शिकवलेलं नाही, आम्हांला सुचलंच नव्हतं.

आईची भेट झाली की त्या रात्री हमखास ओलं व्हायचं. भेटी बंद करा म्हणणारे पुष्कळ भेटले असतील. तुम्ही भेटी चालू ठेवल्यात आणि आईबद्दल वावगा शब्द काढला नाहीत. "पैशांसाठी ठेवलीय" असंही लोक बोलले. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून मिळतात महिन्याला 4000 रुपये. बोलणाऱ्यांनी पावसाळाभर चार चादरी धुऊन दाखवाव्यात. अशी माणसं गोव्यात वाड्यावाड्यांवर आहेत, फक्त ती सभेत बोलायला उभी राहत नाहीत.

एक विनंती. ती आईकडे परतेल तेव्हा पहिले काही आठवडे पुन्हा ओलं होण्याची शक्यता आहे. दोन्ही रबरी कापडं सोबत द्या, आणि थरावर थर कसा घालायचा ते आईला तुम्हीच दाखवा. आम्ही सांगितलं तर तो सरकारी उपदेश वाटेल.