आषाढात क्लॅरिनेट गहाण पडू नये म्हणून

मिरज-सांगली परिसरातले नागरिक, गणेश मंडळं, लग्नघरं आणि इथून पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपली माणसं, सगळ्यांना बँड, हलगी आणि सनई वादकांच्या आमच्या मंडळाचा नमस्कार.

मागच्या वर्षी मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत आमच्या एका ताफ्यात एक साठीचे गृहस्थ खुळखुळा हलवत चालले होते. स्वागत कमानींखाली उभं राहून तुमच्यापैकी कित्येकांनी त्यांना पाहिलं असेल. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. तीसेक वर्षं ते क्लॅरिनेट वाजवतात, आणि त्यांनी सूर धरल्याशिवाय ट्रम्पेटवाली पोरं तोंडाला वाद्य लावत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हातात खुळखुळा होता, कारण क्लॅरिनेट आषाढात 4,000 रुपयांवर गहाण पडलं होतं आणि गणपतीपर्यंत ते सुटलं नाही. खुळखुळ्याची हजेरी क्लॅरिनेटच्या निम्मी. म्हणजे वाद्य सोडवायला लागणारे पैसे जिथे मिळायचे, तिथेच ते अर्ध्या मजुरीवर राबले. आम्हाला हे मिरवणूक सुरू झाल्यावर कळलं. कारण मास्तर सांगणाऱ्यातले नाहीत.

हे आवाहन त्या खुळखुळ्यासाठी आहे.

आमचा धंदा पंचांगावर चालतो. भटजींच्या खालोखाल पंचांग कोण चाळत असेल तर बँडवाला. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम उघडतो आणि आषाढी एकादशीला झाकतो. मधले चार महिने श्रावणातला एखादा कार्यक्रम, मग गणपती, मग नवरात्र, एवढ्यावर घर चालवायचं. 2023 साली अधिक श्रावण आला आणि चार महिन्यांचे पाच झाले. 2024 च्या मे महिन्यात गुरू-शुक्राच्या अस्ताने तिथ्या आटल्या. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ होता. शाळांना सुट्टी, पाहुणे मोकळे, एरवी एका दिवसात दोन-दोन वराती वाजवायचे ते हे तीस दिवस. ते कोरडे गेले. आता आषाढी 25 जुलैला आहे. उरलेल्या तिथ्या बोटांवर मोजून होतात, आणि त्यात पावसाचं काही सांगता येत नाही. भिजलेली हलगी ठणकत नाही. ती शेकायला कोरडा कागद आणि आडोसा लागतो, आणि वरातीत आडोसा कुठला?

चांगले दिवस नसतात असं नाही. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की हलगी, घुमकं आणि कैताळवाल्यांना झोप मिळत नाही. कुस्तीच्या मैदानात निकाली कुस्ती झाली की जिंकलेला पैलवान हलगीवाल्याच्या हातात नोट ठेवतो. ती नोट आमच्यातले काहीजण बरेच दिवस मोडत नाहीत. निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांकडून सुपारी, म्हणजे वाजवायचं काम, येते. (उमेदवार पडला की उरलेली रक्कम बुडाली असं समजून चालायचं, म्हणून शहाणा मालक सगळा इसार आधीच घेतो.) वरातीत एखादी आजी गर्दीतून वाट काढत येते, वीस रुपये हातावर ठेवते आणि तिच्या लग्नात वाजलेलं गाणं मागते. ते येत असेल तर त्या रात्रीचं चालणं जाणवत नाही.

पण सुपारीतून वादकाच्या हातात पडतात 700 ते 1,000 रुपये, तेही ताफा मोठा नसेल तर. त्यातून आधी घेतलेली उचल वळती होते. आषाढात घरात पैसा नसतो, मालकाकडून उचल घ्यायची, ती फेडण्यासाठी पुढचा हंगाम त्याच्याकडेच वाजवायचं, आणि हंगाम संपला की पुन्हा उचल. मालकांना दोष देत नाही, त्यांचाही गाडा, गणवेश आणि लाइटिंगचा खर्च असतो आणि साउंडच्या भिंतींपुढे त्यांच्याही सुपाऱ्या घटल्यात. पण ज्याला उचल मिळत नाही, त्याच्याकडे गहाण ठेवण्याजोगी वस्तू एकच असते.

दोन तडाखे अजून भरून निघालेले नाहीत, तेही सांगायला हवेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांतली आमची वाद्यं पेट्यांसकट पाण्याखाली होती. क्लॅरिनेटची पॅडं फुगून उकलली, ट्रम्पेटच्या पिस्टनमध्ये गाळ बसला, हलग्यांचं कातडं कुजलं. उसनवारी करून वाद्यं उभी केली तोवर मार्च 2020 उजाडला. ऐन हंगामात टाळेबंदी. 2021 च्या एप्रिलमध्ये लग्नाला 25 माणसं आणि दोन तास, असा नियम आला. पंचवीस माणसांत बँड कोण बसवणार? त्या दोन वर्षांत आमच्यातले काही ऊसतोडीला गेले, काही रंगकामाला, एक ट्रम्पेटवाला आज रिक्षा चालवतो आणि परत यायचं नाव काढत नाही. त्याचं बरोबर आहे.

सरकारी मदतीबद्दल विचारलं जातं. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकारचं मानधन आहे, दरमहा 5,000 रुपये, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी. पण कलेचा पुरावा लागतो. गायकाकडे कार्यक्रमपत्रिका असते, बातमीचं कात्रण असतं. लग्नपत्रिकेत आत्या-मामांची, चिमुकल्यांची नावं असतात, वाजवणाऱ्याचं कधी छापलंय का कुणी? हे अर्ज भरून देण्याचं काम मंडळ करतं आहे. तुमच्याकडे जुन्या वरातीचे, जत्रेचे फोटो असतील आणि त्यात आमचा वादक ओळखू येत असेल, तर तो फोटो द्या. पैशाइतकाच तो उपयोगी आहे.

आता मागणी. मंडळात 31 वादक आहेत. आषाढी एकादशीच्या आत प्रत्येकाला 6,000 रुपये बिनव्याजी देता यावेत असं आम्ही ठरवलं आहे. तुळशीच्या लग्नानंतर दरमहा 500 प्रमाणे बारा महिन्यांत ते परत यायचे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात त्यातले बरेचसे पुन्हा वापरता येतील. एकूण लागतात 1,86,000. गेल्या हंगामात आम्ही प्रत्येक सुपारीमागे थोडे-थोडे बाजूला टाकले, ते 54,000 झाले. उरलेल्या 1,32,000 साठी हात पसरतो आहोत. सगळे हप्ते वेळेवर येतील अशी खात्री देत नाही. आजारपण आलं तर थांबावं लागेल, आणि थांबू. जमाखर्च कार्तिकात मंडळाच्या फलकावर लागेल, देणगीदाराला नाव नको असेल तर नावाशिवाय. आयकरात सवलत मिळत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

पैसे जमत नसतील तर वाद्य द्या. कितीतरी शाळांच्या आणि मंडळांच्या माळ्यावर जुने साइड ड्रम, बिगूल, ट्रम्पेट पडून असतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आम्हालाही अभिमान वाटला, पण सतारीच्या या गावात क्लॅरिनेटचं पॅड बदलायचं तर माणूस शोधत फिरावं लागतं. पितळी वाद्यं मेरठहून येतात आणि नवं घेणं झेपत नाही. म्हणून जुन्यावर भागवायचं.

आणि ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना एक विनंती, फुकटातली. ठरलेली बाकी वरात दारात आली की लगेच द्या. उद्या या, परवा या, असं करून गेलेली रक्कम गाडीभाड्यात संपते. जेवणाची पंगत उठायच्या आत वाजवणाऱ्यांनाही पानं मांडा, ती पोरं दुपारपासून फुंकत असतात.

मास्तरांचं क्लॅरिनेट दिवाळीत सुटलं. ते आता रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत दोन पोरांना शिकवतात आणि देणगीचं पावतीपुस्तकही त्यांच्याकडेच आहे. वाद्य आणून द्याल तर त्यांच्याच हातात द्या. चेपलेलं, गंजलेलं, मुखनळी हरवलेलं, कसंही चालेल.