माझ्या लँडस्केपच्या मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपण अध्यापनातून निवृत्त होत आहात. निरोपाच्या कार्यक्रमात घाईने दोन शब्द बोलण्यापेक्षा हे पत्र जाहीरपणे लिहावे असे वाटले, कारण ठाणे-नवी मुंबईत लँडस्केपचे, म्हणजे इमारतींभोवतीच्या मोकळ्या जागा आणि बागा आखण्याचे, काम करणाऱ्या आम्हा अनेकांवर आपले ऋण आहे.

आर्किटेक्चरच्या अभ्यासात लँडस्केप म्हणजे इमारतीभोवती उरलेल्या जागेत हिरवा रंग भरणे, अशीच बहुतेकांची समजूत असते. आपण पहिल्याच प्रकल्पात झाडांची यादी करण्यास मनाई केली आणि आम्हाला वाशीच्या होल्डिंग पाँडवर नेले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, पावसाचे पाणी त्या तळ्यात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत उतरते, ही खाडीकाठच्या सखल शहराची व्यवस्था आम्हाला तिथे उमगली. पुढे अशा तळ्यांत गाळ साचला, गाळात कायद्याने संरक्षित असलेली तिवरे उगवली आणि आता तो उपसण्याचा प्रश्न थेट उच्च न्यायालयाच्या परवानगीपर्यंत जातो. हे उदाहरण मी आज स्वतः शिकवताना वापरते, कारण त्यातून पाणी, देखभाल आणि कायदा यांपैकी काहीच वेगळे काढता येत नाही.

आपल्या कार्यालयातली उमेदवारी याहून कठोर होती. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक संकुलांतली बाग ही खरे तर पार्किंगच्या स्लॅबवर पसरलेली माती असते आणि एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड ते दोन टन भरते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मातीची खोली पक्की झाल्याशिवाय एकही वृक्ष कागदावर यायचा नाही, असा आपला दंडक होता. विक्रीच्या चित्रातला डेरेदार वड भर बैठकीत खोडून आपण तिथे तगर आणि अनंत लिहीत असत. (बिल्डरांना ते आवडे, असे मी म्हणणार नाही.) राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला; आपण त्याच्या कितीतरी आधीपासून बुंध्याजवळची जमीन मोकळी ठेवण्यासाठी ठेकेदारांशी वाद घालत होता.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र साधी सवय: लागवडीच्या नकाशावर शास्त्रीय नावाशेजारी बहावा, ताम्हण, करंज असे मराठीत लिहायचे, म्हणजे माळीकाकांना तो कोणाला न विचारता वाचता येतो. सुंदर प्लॅनला आपण कधी सढळ हाताने गुण दिले नाहीत. जमिनीखालचे थर दाखवणारा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचे चित्र, नसेल तर मुळीच नाही.

एक विनंती आहे. आपण हाताने काढलेले जुने सेक्शन कार्यालयाच्या कपाटात आहेत. ते स्कॅन करून घेण्याची परवानगी द्यावी. येत्या सत्रात विद्यार्थ्यांसमोर ठेवायला मला ते हवे आहेत.

आपली विद्यार्थिनी,
नेरूळ, नवी मुंबई