मनाच्या आरोग्यावर भाषण नको, बैठक हवी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन होऊन गेला की पुढच्या आठवडाभर आपल्या जिल्हा पानावर गावोगावच्या महाविद्यालयांतील कार्यक्रमांची छायाचित्रे येतात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ आणि मागे ‘तणावमुक्त जीवन’ असा फलक. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका पदवी महाविद्यालयात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहतो आणि अशा छायाचित्रांत मीही अनेकदा उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरूनच सांगतो, की आमची अठरा ते चोवीस वयाची मुले-मुली या पद्धतीने मनाच्या आरोग्याविषयी फारसे काही शिकत नाहीत, आणि शिकवण्याची दुसरी पद्धत आपल्या आवाक्यात असताना आपण ती टाळतो आहोत.

मुळात ती तारीखच आमच्याकडे अडचणीची आहे. ते दिवस सोयाबीनच्या सोंगणीचे असतात, आणि ज्या घरात कामाचे हात कमी त्या घरचा मुलगा त्या दिवशी वर्गात नसून वावरात असतो; म्हणजे ज्याच्या डोक्यावर सर्वांत जास्त भार, त्याच्याच कानी ते भाषण पडत नाही. जे मंडपात असतात ते चाळीस मिनिटे ‘नैराश्य’, ‘चिंताविकार’, ‘समुपदेशन’ असे शब्द ऐकतात. आमच्या मुलांच्या तोंडी हे शब्द नाहीत. ती म्हणतात, ‘करमत नाही’, ‘डोकं जड होऊन रायलं’, ‘छातीत धडधड होते’, ‘कशातच मन लागत नाही’. वक्ते ज्या आजाराबद्दल बोलत आहेत आणि आपल्याला जे होते आहे, ते एकच असू शकते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. आणि शंका आलीच तर दोनशे जणांसमोर उठून विचारणार कोण?

गेली चार वर्षे आम्ही महाविद्यालयात बैठका घेतो. दहा-बारा विद्यार्थी, पंधरा दिवसांतून एकदा, सतरंजीवर गोल करून तासभर बसतात. दर वेळी तीच मुले असतात, नवा चेहरा मध्येच आणून बसवत नाही. एक शिक्षक आणि आदल्या वर्षी त्याच बैठकीतून गेलेला एक विद्यार्थी मिळून ती चालवतात. पहिल्या बैठकीत सर्वांना सारख्या आकाराचे कागद आणि सारखे पेन देतो. मन ठीक नसते तेव्हा तुमच्या घरी काय म्हणतात, कशावरून ओळखतात, एवढेच लिहायचे. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन शब्दांतच. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवायचा, मग ज्याच्या हाती जी येईल ती त्याने वाचायची. एका चिठ्ठीवर नुसतेच ‘बाप बोलत नाही’ असे होते. ती वाचणाऱ्या मुलाने कागद उलटून मागे काही लिहिले आहे का ते पाहिले, पुन्हा समोरची बाजू वाचली आणि गप्प झाला. थोड्या वेळाने समोरचा दुसरा मुलगा म्हणाला, ‘माह्या घरीही तसंच हाय. सोयाबीनचा भाव उतरला तवापासून.’ मग एकेक करून सात जण बोलले, आणि वडिलांचे न बोलणे हेही मनाच्या दुखण्याचे लक्षण असू शकते, ही गोष्ट मला शिकवावी लागली नाही. बैठक संपली की चिठ्ठ्या सर्वांसमोर फाडून टाकतो.

दुसऱ्या बैठकीत जमिनीवर खडूने रेघ ओढतो. मी एक वाक्य वाचतो. पटले तर रेघेच्या उजवीकडे उभे राहायचे, न पटले तर डावीकडे, आणि का ते सांगायचे. समोरच्याचे ऐकून बाजू बदलली तरी चालते. ‘जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न करणाऱ्यावर पोलिस केस होते’ हे वाक्य वाचले की दर वर्षी जवळजवळ सगळे उजवीकडे जातात. याच भीतीपोटी घरचे लोक दवाखान्यात खरे कारण सांगत नाहीत आणि उपचाराचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याचे कलम ११५ सांगते, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध झाले नाही तर, तीव्र तणावाखाली होती असेच धरायचे आणि तिला उपचार व आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. दवाखान्यात पोलिसांना कळवून जी नोंद होते, ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. हे नीट समजले की रेघेवर हालचाल सुरू होते. दुसरे वाक्य असते, ‘मरणाचे विचार येतात का असे विचारले, तर नसलेला विचार मनात येतो.’ हेही बहुतेकांना पटते आणि हेही खरे नाही. सरळ आणि आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही, उलट कोंडलेल्या माणसाला बोलायला वाट मिळते. मागच्या वर्षी या वाक्याला एक मुलगी नेमकी रेघेवरच उभी राहिली होती. इकडे की तिकडे, असे कोणीतरी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘विचारावं तर वाटते, पण तो हो म्हणाला तर मंग मी काय करू?’ मला वाटते, मानसिक आरोग्याच्या सगळ्या शिक्षणाचा मुख्य प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते.

म्हणून तिसऱ्या बैठकीपासून आम्ही फक्त त्या ‘मंग काय करू’चा सराव करतो. दोघादोघांच्या जोड्या. एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने सल्ला न देता ऐकायचे. हे फार अवघड जाते. पोलिस भरतीसाठी पहाटे चार वाजता उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारा मुलगा तिसऱ्यांदा थोडक्या गुणांनी हुकल्याचे सांगत असतो, आणि अर्ध्या मिनिटात जोडीदार म्हणतो, ‘जाऊ दे बे, पुढच्या भरतीत होते.’ तिथेच थांबवायचे आणि बोलणाऱ्याला विचारायचे, की हे वाक्य कानावर पडल्यावर कसे वाटले. त्यानंतर सर्वांनी मिळून फोनवरून मनाच्या त्रासासाठी मदत देणाऱ्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोबाइलमध्ये जतन करायचा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पण क्रमांक माहीत असणे वेगळे आणि लावणे वेगळे, म्हणून फोन उचलला गेल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे ते प्रत्येकाने मोठ्याने म्हणून पाहायचे. ‘मॅडम, मले दोन महिन्यांपासून झोपच नाही लागून रायली’ एवढे म्हणायला एका धडधाकट मुलाला चार वेळा प्रयत्न करावा लागला होता. याच सरावात एक गोष्ट नेमाने सांगतो: घरात कोणाची मनःस्थिती ढासळलेली दिसली, तर फवारणीचे सामान कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्या घरी द्यावी.

माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगतो, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याला तिचा उपयोग होईल. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात, दत्तक गावातील समाजमंदिरात, संध्याकाळच्या सत्रात ‘मन मोकळे करा’ असे सर्वांना आवाहन केले. दाराशी गावातली माणसे उभी होती आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. एका विद्यार्थिनीने घरी लग्नासाठी चाललेल्या बळजबरीबद्दल सांगितले आणि सांगता सांगता ती रडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गोष्ट तिच्या घरी पोचली, वडील येऊन तिला घेऊन गेले आणि पुढे तिने महाविद्यालय सोडले. गटात शिकवायचे म्हणजे गटासमोर कोणाचे दुःख उघडे करायचे, असा माझा समज होता. तो चुकीचा होता आणि त्याची किंमत मी नव्हे, तिने मोजली. तेव्हापासून बैठकीत स्वतःची खासगी हकीकत कोणाला सांगायला लावत नाही. चर्चेला आम्ही देतो ती गोष्ट नेहमी तिसऱ्याची, कल्पित नावाने. ज्याला स्वतःचे बोलायचे आहे त्याच्यासाठी बैठकीनंतरचा वेळ राखून ठेवलेला असतो, आणि दाराशी कोणी उभे राहत नाही.

अशा पद्धतीचा गुण येतो याला आधार आहे, आणि त्यातला एक आपल्या शेजारचाच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा सामुदायिक मानसिक आरोग्य कार्यक्रम राबवला गेला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनी २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांच्या भाषेत हा विषय दारापर्यंत नेला होता. दुसरा आधार दूरचा आहे. युरोपातील दहा देशांत १६८ शाळांमधील ११ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तीन उपायांची तुलना झाली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली: शिक्षकांना प्रशिक्षण देणे, प्रश्नावलीवरून जोखमीतील मुले शोधणे, आणि मुलांनी स्वतः प्रसंग वठवून व चर्चा करून शिकणे. कोणताही विशेष उपाय न केलेल्या गटाच्या तुलनेत वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न ठळकपणे कमी दिसले ते तिसऱ्या उपायात. ती मुले आमच्या मुलांपेक्षा लहान होती आणि त्यांचे जग वेगळे होते, हे मान्य करूनही शिक्षकांच्या एका कार्यशाळेवर समाधान मानणाऱ्या आपल्या व्यवस्थेने हा निष्कर्ष वाचायला हवा.

विदर्भाला ही रीत परकी नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. पूर्वेकडे झाडीपट्टीत सुगीनंतर गाव रात्र रात्र नाटकाला बसते, आणि पथनाट्य हा तर आमच्या स्वयंसेवकांचा आवडता प्रकार. मात्र पथनाट्यांबद्दल एक तक्रार आहे. शेतकरी आत्महत्येवरच्या बहुतेक पथनाट्यांत शेवटी गळफास किंवा विषाची बाटली दाखवतात आणि लोक हळहळतात. हे थांबवले पाहिजे. आत्महत्येचा मार्ग दाखवू नये, मृत्यूला उपाय म्हणून रंगवू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर लिहिणाऱ्या-दाखवणाऱ्यांना वारंवार सांगितले आहे. समोर बसलेल्यांत तोच विचार घेऊन आलेला कोणी असू शकतो. आम्ही आता शेवटचा प्रसंग बदलला आहे: मित्र त्या खचलेल्या शेतकऱ्याबरोबर सकाळच्या एसटीने जिल्हा रुग्णालयात जातो, चिठ्ठी काढण्याच्या खिडकीपाशी रांगेत उभा राहतो, आणि नाटक तिथे संपते.

आता व्यवस्थेविषयी थोडे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात मानसिक आरोग्य हा विषय आहे आणि गावपातळीवर समवयस्क शिक्षक नेमण्याची तरतूदही आहे, पण तो १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. विसाव्या वर्षी ही मुले त्या कार्यक्रमातून बाहेर पडतात, आणि नेमक्या त्याच वयात नोकरी, लग्न आणि वडिलांचे कर्ज समोर उभे राहते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे, असे निर्देश दिले. आमच्यासारख्या महाविद्यालयांत विषयशिक्षकांच्याच जागा रिकाम्या असताना समुपदेशक केव्हा येईल ते सांगवत नाही. पण तो येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही, आणि तो आल्यावरही त्याच्या दारापर्यंत मुलाला घेऊन जाणारा मित्र लागणारच आहे. बैठक म्हणजे उपचार नव्हेत. ज्याला औषधांची गरज आहे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे, आणि मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे ‘नागपूरला पागलखान्यात जाणे’ नव्हे, एवढे तरी बैठकीतून पक्के होते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे असते आणि विशेष शिबिर सात दिवसांचे असते. अमरावती आणि नागपूर या विद्यापीठांना माझी विनंती आहे, की या १२० पैकी किमान २० तास अशा बैठकांसाठी अधिकृतपणे धरावेत, आणि त्यांचा अहवाल छायाचित्रांवरून नव्हे, तर किती बैठका झाल्या आणि तीच मुले किती वेळा आली यावरून मागावा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून एकदा भाषणाला येण्याऐवजी बैठक चालवणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन दिवस प्रशिक्षण द्यावे आणि अडचणीच्या वेळी फोन करता येईल असा आपला एक माणूस नेमून द्यावा. बैठका जुलैत, पेरणी आटोपल्यावर सुरू व्हाव्यात, सोंगणी-वेचणीच्या दिवसांत थांबाव्यात आणि शिबिरानंतर पुन्हा चालू व्हाव्यात. वावरातल्या मुलाला वगळून हे काम करण्यात अर्थ नाही.

आमचे यंदाचे शिबिर जानेवारीत आहे. संध्याकाळच्या बैठका बंद दाराआडच होतील, पण दुपारी बैठक कशी चालवायची याचा सराव आम्ही घेणार आहोत. शेजारच्या महाविद्यालयांनी त्यासाठी आपले दोन-दोन विद्यार्थी पाठवावेत, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था आम्ही करू.

आपला,
एक कार्यक्रम अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजना
जि. यवतमाळ