चाचण्यांच्या बातम्यांनाही जागा द्यावी

संपादक महोदय,

मानवी चांद्रमोहिमेची तारीख पुढे गेली की बहुतेक बातम्यांचा सूर काम रखडल्याचा असतो; तो वेळ सुरक्षेच्या चाचण्यांसाठीही लागतो, हे मागे पडते. ज्या शहरात स्फोटके आणि दाबाखालील सिलिंडर यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आहे, त्या नागपुरातील वाचकाला तरी हा सूर खटकावा. अंतराळवीराचा पोशाख हेही एक दाबपात्रच, म्हणजे आत दाबाखाली हवा धरून ठेवणारे भांडेच आहे; फरक इतकाच की त्याला गुडघे आणि बोटेही वाकवावी लागतात. १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर पडले तेव्हा निर्वातात त्यांचा पोशाख इतका फुगला की आतला दाब कमी केल्यावरच त्यांना परत आत शिरता आले.

अपोलो ११ उतरण्यापूर्वी, मार्च १९६९ मध्ये, अपोलो ९ ने चंद्रावर उतरणारे यान पृथ्वीच्याच कक्षेत तपासले आणि अंतराळवीर रस्टी श्वाइकार्ट यांनी पाठीवरच्या प्राणवायू-संचासह पोशाख यानाबाहेर वापरून पाहिला. दोनच महिन्यांनी अपोलो १० चंद्रापासून सुमारे १५ किलोमीटरवर जाऊन न उतरता परतले. चंद्र गाठण्याची घाई असतानाही या दोन मोहिमा वगळल्या गेल्या नाहीत.

चाचणी झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र नाही. १६ जुलै २०१३ रोजी अंतराळ स्थानकाबाहेर काम करणाऱ्या इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो यांच्या शिरस्त्राणात एक लिटरहून अधिक पाणी साठले आणि ते बुडता बुडता वाचले. पोशाखातील पाणी व हवा वेगळी करणाऱ्या भागाची छिद्रे बुजल्याने थंडाव्याचे पाणी हवेच्या मार्गात शिरले होते. याहून गंभीर बाब म्हणजे, आठवडाभर आधीच्या कामानंतरही त्याच शिरस्त्राणात पाणी आढळले होते आणि ते पिण्याच्या पिशवीतून गळले असावे, असे समजून पुढचे काम ठरल्याप्रमाणे होऊ दिले गेले. चाचणी घेण्याइतकेच तिने दाखवलेली विसंगती मान्य करणे अवघड असते. चंद्रावर तर सांधे आणि हातमोजे झिजवणारी धारदार धूळ, तसेच ध्रुवाजवळच्या सावलीतील उणे २०० अंशांखालील थंडी यांचीही भर पडते, आणि तिथला एक-षष्ठांश गुरुत्वाकर्षणाचा परिणाम अंतराळवीर पाण्याखाली सराव करतात त्या जमिनीवरच्या तलावात पूर्णपणे साधता येत नाही.

२०४० पर्यंत भारतीय अंतराळवीर चंद्रावर उतरवण्याचे आपल्या देशाचे उद्दिष्ट आहे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या, बिघाड झाल्यास अंतराळवीरांना रॉकेटपासून दूर नेणाऱ्या सुटका-यंत्रणेची चाचणी उड्डाणाला पाच सेकंद उरले असताना थांबवली गेली, दोष शोधून त्याच दिवशी ती यशस्वीही झाली. अशा थांबण्यामागची तांत्रिक कारणे आपल्या दैनिकाने उड्डाणाच्या छायाचित्राइतक्याच ठळकपणे छापावीत आणि गगनयानासाठीच्या पोशाखांच्या चाचण्यांचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, जाहीर करण्याची विनंती 'इस्रो'कडे करावी.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर