सूचना : कुमाऊँच्या तलावांची सहल आणि रविवारचा सराव

सर्व सभासदांना नमस्कार.

दिवाळीनंतरचा बेत पक्का आहे, उत्तराखंडातल्या कुमाऊँ भागाचा: भीमताल, नौकुचियाताल, सातताल आणि शेवटी नैनिताल. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे जीप. रात्री थंडी बोचते, लोकरीचे कपडे घ्याच.

कयाक चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा. लाइफ जॅकेटशिवाय कुणीही पाण्यात जाणार नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. नौकुचियाताल सुमारे ४० मीटर खोल आहे आणि पाणी गार. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनिटभर श्वासच आवरत नाही, हातपाय मारायचं सुचत नाही. तेव्हा जॅकेटच तारून नेतं. दुपारी वारा सुटतो, म्हणून वल्हवायचं ते सकाळीच.

फोटोवाल्यांनाही तीच वेळ सोयीची. पाणी स्थिर असतं, डोंगर अख्खा उलटा दिसतो. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर) लावलात तर बेतानं फिरवा, नाहीतर प्रतिबिंबच पुसलं जाईल. थंडीत बॅटरी लवकर उतरते, जादाची खिशात उबेला ठेवा. साततालच्या रानात पक्षी भरपूर, तिथे गप्पा नकोत.

सराव येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, इंदूरच्या सिरपूर तलावावर. आपल्या गावातलं हे रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, अजून न पाहिलेले सभासद आहेत, त्यांनी तर यावंच. चालून बुटांचीही परीक्षा होईल. नवे कोरे बूट थेट डोंगरात नेऊ नका.

ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची इंदूरची सवय तिकडेही पाळायची. प्रत्येकाने दोन पिशव्या आणाव्यात. शेव-चिवड्याची रिकामी पाकिटं परत इंदूरला येतील.