कात्रण काढण्याआधी पानाची तारीख पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेकॅनो, इरेक्टर अशा भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या स्क्रूने जोडायच्या जुन्या खेळण्यांच्या जाहिराती फ्रेम करून भिंतीवर लावण्याची हौस वाढते आहे. त्यासाठी मासिकांचे बांधीव खंड ब्लेडने कापले जातात आणि पाने सुटी विकली जातात. ही पाने देखणी असतात यात शंका नाही. पण पान खंडातून निघाले की त्याची तारीख जाते, आणि तारीख गेलेल्या जाहिरातीवरून हातातला संच ओळखायला जावे तर ती दिशाभूलच करते.

एकच उदाहरण पाहा. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये १९०१ साली पेटंट घेतलेल्या खेळण्याला पुढे ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. १९३०च्या आसपासच्या जाहिरातीत मेकॅनोचा ‘७ नंबर’ दिसला तर तो त्या वेळचा सर्वांत मोठा संच. १९३४ मध्ये नंबर गेले आणि ए पासून एल पर्यंत अक्षरे आली. १९३७ मध्ये नंबर परत आले, ते ० ते १०. या नव्या मालिकेतल्या ७ नंबरच्या वर आणखी तीन संच होते. नंबर तोच, माल वेगळा. १९३८चा खोका घेऊन १९३०ची जाहिरात समोर ठेवणाऱ्याला वाटते, आपले निम्मे भाग हरवले. मग तो सुटे भाग विकत घेत सुटतो आणि मुळात पूर्ण असलेल्या संचात परके भाग भरतो. असे बिघडवलेले संच पुन्हा मूळ रूपात आणणे फार अवघड, कारण कुठला भाग मूळचा हे सांगणारी खूणच पुसली जाते.

उलट चूकही होते. मेकॅनोचे पूरक संच असत: ५ नंबरला ‘५ए’ जोडला की ६ नंबर तयार. त्यामुळे ५ नंबरच्या खोक्यात जास्तीचे भाग दिसले तर ते लगेच बाहेर काढू नयेत. आधी ६ नंबरच्या यादीशी ताडून पाहावे. पूरक संचाची जाहिरात तारखेसह हाताशी असली तर हे काम सोपे होते.

रंगाचेही तसेच. सुरुवातीच्या काळात निकेलचा मुलामा, १९२६-२७ पासून लाल-हिरवा, १९३४च्या सुमारास सोनेरी पट्ट्या आणि सोनेरी जाळीदार रेघांच्या निळ्या प्लेट्स, दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. जाहिरातीच्या मजकुरात ‘नव्या रंगांत’ असे शब्द असतील तर ते बदलाचा काळ दाखवतात. छापलेल्या चित्रातली छटा मात्र प्रमाण मानू नये. शाई उडते, कागद पिवळा पडतो. अशा चित्राशी रंग जुळवून पट्ट्या नव्याने रंगवणे म्हणजे संचाचे कायमचे नुकसान.

सुटे पान घ्यायचेच असेल तर आधी ते उलटून पाहा. मागच्या बाजूला त्याच मासिकाचा मजकूर हवा. कोरी पाठ दिसली तर सावध व्हा. मग दहापट भिंग लावा. धातूच्या अक्षरांचे खिळे (टाइप) जुळवून छापलेल्या जुन्या पानात अक्षरांच्या कडेला शाईची दाट किनार दिसते आणि मागून बोट फिरवल्यास दाबाचा किंचित उठाव लागतो. घरगुती प्रिंटरवर काढलेल्या नकलेत अक्षराच्या कडेलाच रंगीत ठिपक्यांची फवारणी दिसते. तिसरी कसोटी अतिनील दिव्याची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चकाकी देणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. ‘१९२५चे पान’ अंधारात निळसर-पांढरे चमकले तर कागद नंतरचा आहे.

कोपऱ्यातले माहिती मागवायचे कूपन कापलेले असले तरी पान टाकू नका. कूपन शिल्लक असेल तर त्यावरचा पत्ता बारकाईने वाचा. पत्त्यात ‘डिपार्टमेंट’ म्हणून एखादा आकडा किंवा अक्षरे असतात. कुठल्या मासिकातून चौकशी आली हे कंपनीला त्यावरून कळे, आणि आज त्याच खुणेवरून सुट्या पानाचे मूळ मासिक शोधता येते.

मेकॅनोच्या संचासोबत येणाऱ्या पुस्तिकांवर तळाशी बारीक छपाई-संकेत असतो. त्यातला मधला आकडा महिना आणि वर्ष सांगतो: ११५५ म्हणजे नोव्हेंबर १९५५. ही तारीख पुस्तिका छापल्याची असते, खोका भरल्याची नव्हे. त्यामुळे संच तिच्यापेक्षा काही महिने नंतरचा निघू शकतो.

अमेरिकेत ए. सी. गिल्बर्ट यांनी १९१३ मध्ये इरेक्टर बाजारात आणला तो ‘हॅलो बॉइज! मेक लॉट्स ऑफ टॉइज’ अशी थेट मुलांना हाक घालत. या जाहिरातींत मुलगी जवळजवळ दिसतच नाही, हेही त्या काळाबद्दल पुष्कळ सांगून जाते. चित्रात बहुधा भव्य क्रेन किंवा पूल असतो आणि किंमत सर्वांत लहान संचाची. म्हणून चित्रावरून संचातले भाग मोजू नयेत. त्यासाठी पुस्तिकेतली यादीच घ्यावी.

पट्ट्यांची लांबी मोजताना मोजपट्टी हाताशी नसली तरी चालते. मेकॅनोच्या भोकांमधले अंतर अर्धा इंच, म्हणून साडेपाच इंची पट्टीला ११ भोके आणि साडेबारा इंचीला २५. हरवलेल्या स्क्रूच्या जागी आजचा चार मिलिमीटरचा स्क्रू मात्र कधीही घालू नये. मूळ स्क्रू ५/३२ इंची, इंचाला ३२ आट्यांचा. नवा स्क्रू जाडीला जवळपास तेवढाच, म्हणून एक-दोन फेरे बसतो. पण त्याचे आटे अधिक बारीक असल्याने तो मग अडतो, आणि जोर लावला की चाकाच्या मधल्या पितळी बुशातले (स्क्रू बसतो त्या नळीतले) आटे कायमचे जातात. जुना स्क्रू जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून दिवसभर ठेवावे आणि खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू-ड्रायव्हर वापरावा.

पुठ्ठ्यावर मूळ दोरीने बांधलेले भाग सोडू नयेत. निकेलच्या पट्ट्यांना लोखंडी काथ्या किंवा व्हिनेगर लावू नये, मुलामा सोलला जातो. कोमट पाणी, सौम्य साबण, लगेच कोरडे करणे आणि तेलाचा पुसट हात एवढे पुरते.

पानांना सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ती अंधारात ठेवावीत. पीव्हीसी प्लास्टिकचे पाकीट शाईला चिकटते. भिंतीवर जाहिरात हवीच असेल तर खंड न कापता पान ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून त्याची प्रत टांगावी. स्कॅन करताना पानाच्या दोन्ही बाजू आणि अंकाचे तारीख असलेले मुखपृष्ठ एकत्र जपावे. ज्यांच्याकडे कापलेली पाने आधीच आहेत, त्यांनी विकणाऱ्याला मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष आजच विचारून पाकिटात मऊ पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. उरलेला खंड रद्दीत गेला की ही माहिती कोणाकडूनच मिळणार नाही.

आपला,
जुन्या जोडणी-खेळण्यांचा एक संग्राहक