राजीनाम्याबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरवून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालीस, "माक्स फ्रिशनेही आर्किटेक्टचं काम सोडलंच होतं, आणि हे तूच मला सांगितलंयस." तू फोन ठेवलास, बाबा गॅलरीत जाऊन बसले, आणि मी रानडे इन्स्टिट्यूटच्या वेळची माझी पुस्तकं खाली काढली. नाटकं लिहायची म्हणून तू आर्किटेक्टच्या नोकरीचा दिलेला जो राजीनामा, त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही, असं मी ठरवलंय. तुझ्या त्या स्विस लेखकाबद्दल, फ्रिशबद्दल लिहिते, कारण त्याची गोष्ट तू मधूनच सुरू करतेस.

काम त्याने सोडलं ते १९५५ साली, चाळिशी उलटल्यावर. आदल्या वर्षी त्याची 'श्टिलर' ही कादंबरी आली होती, गाजली होती. मग त्याने ऑफिस बंद केलं. तोपर्यंत त्याचं युद्धावरचं नाटक १९४५ मध्ये झुरिकच्या रंगभूमीवर आलं, 'बीडरमान' हे दुसरं नाटक १९५३ मध्ये आधी रेडिओवर झालं, आणि हे सगळं ऑफिस चालू असताना. तुझी तर अजून तिशीही यायची आहे. पंधरा दिवसांच्या आत राजीनामा मागे घेता येतो, असं नंदूकाका म्हणत होता. असो.

तो मुळात या धंद्यात आला कसा, ते तुला कधी सांगितलं नसेन. तो विद्यापीठात जर्मन साहित्य शिकत होता. १९३२ मध्ये वडील गेले, पैसा नव्हता, म्हणून वर्तमानपत्रांत लिहून दिवस काढले. दोन पुस्तकं आली. मग एका श्रीमंत मित्राने खर्च उचलला आणि पंचविशीत तो आर्किटेक्चरला गेला. १९३७ मध्ये त्याने आपली सगळी हस्तलिखितं जाळली आणि यापुढे लिहायचं नाही अशी शपथ घेतली. मला पैशांची भीती वाटते असं तुला वाटतं. मला त्या जाळण्याची भीती वाटते, मुक्ता. भाडं थकलं, दोन नाट्यसंस्थांनी नाही म्हटलं, की तू काय करशील ते मला माहीत आहे. दहावीत चित्रांच्या वह्यांचं काय केलंस, आठवतंय ना?

त्याची शपथ टिकली नाही, हेही सांगायला हवं. १९३९ मध्ये सैन्यात बोलावणं आलं, आणि तिथे त्याने डायरी लिहायला घेतली. तीच पुढच्या वर्षी पुस्तक होऊन आली. त्याच वर्षी आर्किटेक्टची पदवीही हातात पडली. १९४३ मध्ये झुरिक शहराच्या पोहण्याच्या तलावाची स्पर्धा त्याने जिंकली आणि त्या जोरावर स्वतःचं ऑफिस थाटलं. लेट्झिग्राबेनचा तो तलाव १९४९ मध्ये खुला झाला. बांधकाम चालू असताना जर्मन नाटककार ब्रेख्त ते बघायला आला होता. तिथे आजही लोक पोहतात. मला तर तो त्याच्या नाटकांइतकाच आवडतो. शहरातल्या साध्या माणसांसाठी काढलेली रेघ आहे ती. तुझ्या त्या अंगणवाडीच्या जिन्यासारखी. पायऱ्या मुलांच्या मापाच्या हव्यात म्हणून तू किती वेळा ते ड्रॉइंग बदललंस! बाबांनी तो कागद अजून ठेवलाय, एलआयसीच्या फाइलमध्ये.

आणि त्याची माणसं बघ. 'होमो फाबर' या कादंबरीतला इंजिनिअर, सगळं गणितात बसतं असं मानणारा. 'बीडरमान'मधला केसांच्या टॉनिकचा कारखानदार, माळ्यावर पेट्रोलची पिंपं रचली जाताना दिसत असूनही आग लावणाऱ्यांना स्वतःच्या हाताने काड्या देणारा. पोटासाठी राबणारी, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारी माणसं रोज बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही, हे माझं मत आहे. तुझ्या नव्या नाटकातला सुपरवायझर तुला कुठे भेटला? साइटवरच ना? सिमेंटच्या गोण्यांचा हिशेब दाराच्या चौकटीवर खडूने लिहितो आणि मुलीचा फोन आला की तोच हात शर्टाला पुसून मग फोन उचलतो. ते वाचताना मी उठून उभी राहिले. पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात तिसऱ्या रांगेत बसून मी जितकी घाबरले होते, तितकीच आताही घाबरले, कारण हे खरंच चांगलं होतं. अशी माणसं घरी बसून कुठून मिळणार? म्हणून म्हणते, तीन दिवस ऑफिस, बाकी लिखाण, असं काही जमेल का?

पुन्हा तिथेच आले. वर्गात शिकवल्यासारखं झालं, रागावू नकोस.

एकच आणखी. पुढे त्याला ब्यूख्नर पुरस्कार, म्हणजे जर्मन साहित्यातला मोठा मान, मिळाला, १९५८ मध्ये. परदेशी लेखकाला तो पहिल्यांदाच मिळाला होता. जेरुसलेमचा मिळाला, जर्मन पुस्तक-व्यवसायाचा शांतता पुरस्कार मिळाला. पण 'श्टिलर' आली त्याच वर्षी तो बायको आणि तीन मुलांचं घर सोडून निघून गेला होता. त्याच्या यादीत हेही वाचत जा. तू कुणाला सोडशील असं मी म्हणत नाही. लिहिण्याच्या भरात माणसं बाजूला पडतात, आणि तू तर मावशीचे फोनही उचलत नाहीस हल्ली.

पहिल्या अंकाच्या शेवटी ती बाई गप्प का राहते, ते मला कळलं नाही. बदलू नकोस, फक्त मला सांग. दुसरा अंक झाला की छापून पाठव, मोबाइलवर माझे डोळे दुखतात. भाड्याचं कमी पडलं तर आजीच्या पाटल्यांचं ठरलेलंच आहे, त्यावर वाद नको. बाबांना आधी फोन कर. ते स्वतःहून करणार नाहीत. आणि तुमच्या ऑफिसातल्या बाईंना अर्धवेळेचं नुसतं विचारून बघ. विचारायला काय जातं?

तुझी,
आई